चाकं टेकल्यानंतर

विमानाची चाकं धावपट्टीला टेकली की प्रवाशाच्या दृष्टीने प्रवास संपतो. उमऱ्याहून परतताना मी हे पाहिलंय. मुंबईत चाकं टेकल्याचा दणका बसला, आजूबाजूला लोकांनी अल्हम्दुलिल्लाह म्हटलं आणि लगेच पट्टे सुटल्याचे खटखट आवाज सुरू झाले. कुणी फोन चालू केला, कुणी उभं राहून वरची बॅग ओढायला लागलं. विमान तेव्हा एखाद्या रेल्वेपेक्षा जास्त वेगाने पळत होतं. पट्टा मीही सोडला होता. त्यात काही चुकलं असं मला या मे महिन्यापर्यंत वाटलं नव्हतं.

मे महिन्यात माझ्या भाचीचं विमान उतरल्यानंतर भरकटलं.

ती वैमानिक होण्यासाठी शिकतेय. कुठे, ते लिहीत नाही. त्या संस्थेची यात काही चूक आहे असंही मला म्हणायचं नाही. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी 200 तासांचं उड्डाण लागतं. तिचे शंभराच्या आसपास झाले होते. त्यासाठी तळेगावचा दुकानाचा गाळा बँकेकडे तारण आहे. नात्यातल्या निम्म्या लोकांनी ‘मुलीला कशाला एवढं’ हे निरनिराळ्या शब्दांत सांगून झालं आहे. उरलेल्या निम्म्यांनी तिचा युनिफॉर्ममधला फोटो आपल्या स्टेटसला लावून झाला आहे. दोन्हीचं ओझं सारखंच, असं ती म्हणते.

तिचा फोन आईला गेला नाही, मला आला. “मामू, मी लोणावळ्याला येऊ का चार दिवस? अम्मीला आत्ता काही बोलू नका.”

ती आली तेव्हा पाऊसही आला होता. 2025 मध्ये तो मे संपायच्या आतच मुंबईत आणि घाटात उतरला. आमच्या गल्लीत पाणी वाहत होतं, अब्बांनी पडवीत ताडपत्री बांधायला घेतली होती. ती ओली बॅग घेऊन दारात उभी राहिली. अब्बांनी तिला विचारलं, “जेवलीस?” आणि दोरीचं एक टोक तिच्या हातात दिलं.

झालं होतं ते असं. ती एकटीच विमानात होती. विमान सेसना 152, दोन माणसांचं, 110 अश्वशक्तीच्या इंजिनाचं, पुरतं भरलं तरी 757 किलोचं. एका मारुती गाडीपेक्षा हलकं, आणि पंखांचा पसारा मात्र दहा मीटरचा. दुपारी वारा उठला होता, धावपट्टीला आडवा. या जातीच्या विमानाने साधारण 12 नॉटपर्यंतच्या, म्हणजे ताशी 22 किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात उतरून दाखवल्याची नोंद पुस्तिकेत असते. वारा त्याच्या आतच होता. ती नीट आली, नीट टेकली. “मामू, आतापर्यंतचं माझं सगळ्यात सुंदर लँडिंग,” असं म्हणताना तिला रडू आलं. टेकल्यावर तिने सुटकेचा श्वास सोडला आणि त्याबरोबर हातही सैल सोडला.

पुढचे पाच-सहा सेकंद. नाक वाऱ्याकडे वळायला लागलं. तिने उलट्या बाजूचं पेडल दाबलं, जरा जास्तच. विमान दुसरीकडे वळलं. तिने पुन्हा इकडे दाबलं आणि त्यात ब्रेकही लागला, कारण ब्रेक त्याच पेडलच्या वरच्या टोकाला असतो. विमान धावपट्टी सोडून गवतात शिरलं, कडेचा एक दिवा मोडला, स्वतःभोवती अर्धं फिरलं आणि एका पंखाचं टोक जमिनीला घासून थांबलं. तोंड जिकडून आली होती तिकडे. इंजिन बंद करून ती उतरली. खरचटलंही नव्हतं.

हे असं का होतं, ते तिने अब्बांना छत्रीने समजावलं. आमच्याकडची छत्री म्हणजे जुनी, काळी, लाकडी मुठीची. पडवीच्या टोकाला जाऊन तिने ती उघडून आडवी धरली. वाऱ्याने कापड पकडलं आणि मूठ वाऱ्याच्या दिशेने वळली. विमानाची शेपटी हे तसंच कापड. वारा बाजूने आला की शेपटी ढकलली जाते आणि नाक वाऱ्यात शिरतं. हवेत असताना याने बिघडत नाही, कारण हवेत विमान वाऱ्याबरोबरच वाहत असतं. जमिनीवर मात्र चाकांना एक दिशा असते आणि वाऱ्याला दुसरी. शिवाय वाऱ्याकडचा पंख उचलला जातो. म्हणून टेकल्यानंतर हातातला दांडा वाऱ्याच्या बाजूला कलता ठेवायचा, आणि वेग जसजसा कमी होईल तसतसा आणखी कलता करायचा, अगदी शेवटपर्यंत. कारण वेग उतरतो तशी पंखांवरच्या आणि शेपटीवरच्या पट्ट्यांची पकड सुटत जाते. हवेवर पूर्ण हुकमत राहिलेली नाही आणि जमिनीवरची अजून आलेली नाही, असा तो मधला काळ. वैमानिक हवेतल्या संकटांची रोज उजळणी करतात, आणि छोटी विमानं मोडतात ती बऱ्याचदा या मधल्या काळात.

जुन्या विमानांचं तर विचारूच नका. त्यांचं तिसरं चाक नाकाखाली नसायचं, शेपटीखाली असायचं. वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे. आमच्या बाजारातला हातगाडीवाला गाडी पुढे घालून ढकलताना बघा. उतारावर ती जराशी तिरकी झाली की मागून लावलेला जोर तिला आणखी तिरकी करतो. तीच गाडी मागे घेऊन ओढली की आपोआप सरळ येते. शेपटीच्या चाकाचं विमान म्हणजे ढकललेली हातगाडी; किंचित वळलं की वळण वाढतच जातं आणि विमान स्वतःभोवती गिरकी घेतं. जेआरडी टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबई गाठली ते पस मॉथ विमान असंच होतं. उतरायला जुहूची सपाट जमीन, समुद्राला लागून. पावसाळ्यात तिथे पाणी भरायचं, मग मुक्काम पुण्याला हलायचा. आकाश जिंकल्याच्या गोष्टी आपण वाचतो. त्या चिखलात विमान सरळ कसं ठेवत असतील, याची गोष्ट कुणी सांगत नाही.

त्याच्या दोन वर्षं आधीची एक गोष्ट मात्र आमच्या लोकांना आवडेल. आगाखानांनी, म्हणजे येरवड्यात ज्यांचा राजवाडा होता त्या घराण्यातल्या तिसऱ्या आगाखानांनी, इंग्लंड आणि भारत यांच्यातलं अंतर कोणत्याही दिशेने एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला 500 पौंडांचं बक्षीस लावलं होतं. 1930 मध्ये जेआरडी कराचीहून निघाले, आणि अस्पी इंजिनियर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. अस्पींचं विमान स्पार्क प्लगवाचून अडलं होतं. जेआरडींनी आपल्याजवळचे दिले. बक्षीस अस्पींना मिळालं. तिसरे मनमोहन सिंग वाटेतल्या मोडतोडींमुळे महिन्याची मुदत चुकवून बसले.

पण आमच्या व्हॉट्सॲपवर यातलं काही फिरत नाही. तिथे फिरतो अब्बास इब्न फिर्नास. नवव्या शतकातला कोर्दोबाचा हा माणूस कवी होता, काचेचं काम जाणणारा होता, आकाशाचा अभ्यास करणारा होता. त्याने अंगाला पिसं आणि पंख लावून उंचावरून झेप घेतली आणि काही अंतर खरोखर तरंगला, असं अल-मक्करीने लिहून ठेवलंय. मक्करी सतराव्या शतकातला, म्हणजे मध्ये सातशे वर्षं गेली. तेव्हा यात किती घडलेलं आणि किती नंतर सांगितलेलं, हे ज्याने त्याने ठरवावं. फॉरवर्डमध्ये पुढचं वाक्य नेहमी गाळलेलं असतं. मक्करी म्हणतो की उतरताना त्याच्या पाठीला जबर दुखापत झाली. कारण पक्षी उतरताना शेपटीचा आधार घेतो हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. शेपटी लावायची राहून गेली होती. मला ही सगळी हकीकत त्या राहून गेलेल्या शेपटीमुळेच खरी वाटते. नुसतं गुणगान करायचं असतं तर हे कुणी कशाला जपून ठेवलं असतं? आम्ही मात्र ‘पहिला वैमानिक मुसलमान’ एवढ्यावर थांबतो आणि पाठ मोडलेला माणूस तिथेच कोर्दोबाच्या मातीत सोडून देतो.

भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. “म्हणजे त्यालाही उतरताच येत नव्हतं.”

आता खरा प्रश्न. तिला लेखी जबाब द्यायचा होता. तोपर्यंत ती काही बोलली नव्हती, पण एका ज्येष्ठ सोबत्याने तिला सुचवलं होतं की ‘वाऱ्याचा अचानक जोरदार झोत आला’ असं लिही. वारा होताच. कुणी खोटं म्हणणार नाही. विषय मिटेल. उलट ‘मी हात सैल सोडला, मग पेडल जास्त दाबलं’ असं लिहिलं तर तिचं एकटीचं उडणं थांबणार, प्रशिक्षकाबरोबरचे तास पुन्हा करावे लागणार, आणि त्या प्रत्येक तासाला पैसे आहेत. गाळ्याच्या कर्जात ते तास मोजलेले नव्हते.

मी तिला काय म्हणालो हे कबूल करायला हवं. मी म्हणालो, “झोत लिही ना. खोटं कुठे आहे?”

अब्बा ताडपत्रीखाली बसून ऐकत होते. ते रेल्वेत होते. घाटात चढणाऱ्या गाड्यांना कर्जतपासून मागून रेटा देणारी इंजिनं असतात ना, बँकर, त्यांच्यावर त्यांनी उमेदीची वर्षं काढली, नंतर मालगाड्यांवर असिस्टंट ड्रायव्हर. बोरघाट 1863 पासून चालू आहे, 37 फुटांना एक फूट असा चढ. चढताना दम लागतो, पण भीती उतरण्याची. म्हणून घाटात मुख्य रुळाला फुटून वर डोंगराकडे चढत जाणारे आंधळे रूळ आहेत, कॅच साइडिंग. सांधा मुळात तिकडेच लावलेला असतो. खाली येणाऱ्या गाडीने ठरल्या जागी थांबून दाखवायचं, म्हणजे ब्रेक ताब्यात आहेत हे सिद्ध करायचं. मगच सांधा मुख्य मार्गाला वळतो. पुण्याहून मुंबईला जाताना मंकी हिलच्या आसपास गाडी उगाच थांबते म्हणून आपण कुरकुरतो, ते हे. नाही थांबली तर गाडी त्या चढावर जाते आणि चढच तिला थांबवतो. लहानपणी अब्बा मला ते रूळ खिडकीतून दाखवायचे. त्यांवर कधी गाडी गेलेली पाहिली का, असं मी विचारायचो. ते म्हणायचे, नाही.

त्या संध्याकाळी ते म्हणाले, “मी गेलोय.”

आमच्यापैकी कुणालाच हे माहीत नव्हतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी, असाच पहिला पाऊस, रात्रीची मालगाडी. ड्रायव्हर अब्बांपेक्षा मोठे, त्यांना हाताला धरून शिकवणारे. बोलण्याच्या नादात ब्रेक लावायला थोडा उशीर झाला. रूळ ओले होते, वाळू सोडली तरी चाकं घसरली. गाडी थांबण्याची खूण ओलांडून साइडिंगवर चढली आणि थांबली. कुणाला काही झालं नाही. जबाबात ड्रायव्हरने लिहिलं, रूळ ओले होते. अब्बांनी खाली सही केली.

“रूळ ओले होतेच,” अब्बा म्हणाले. “खोटं काहीच नव्हतं त्यात.”

मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. पाऊस वाजत होता. अम्मीने आतून विचारलं, चहा टाकू का? ‘टाक’ म्हणाले. मग नातीकडे न बघता म्हणाले, “त्यानंतर तीन पावसाळे ते मला शिकवत होते. ब्रेक कधी लावायचा, हे त्यांनी मला परत कधी सांगितलं नाही. तो विषयच निघाला नाही. मला विचारायचं होतं.”

एवढंच. तिने काय लिहावं हे त्यांनी सांगितलं नाही. मला वाटलं होतं सांगतील.

रात्री तिने मला भारताचे 2017 चे अपघात-तपासणीचे नियम दाखवले. त्यात तपासणीचा हेतू स्पष्ट आहे: पुढचे अपघात टाळणं, दोष वा जबाबदारी वाटणं नव्हे. जगभर हेच तत्त्व आहे. मी म्हणालो, कागदावर ठीक आहे. आपल्याकडे माणूस एकतर शहीद हवा असतो नाहीतर गुन्हेगार. मला कोझिकोडची आठवण झाली. 7 ऑगस्ट 2020, कोरोनाचा काळ, दुबईहून येणारं बोइंग भर पावसात उतरलं आणि पठारावरच्या धावपट्टीच्या टोकावरून खाली कोसळलं. 190 जण होते, 21 गेले. कॅप्टन दीपक वसंत साठे हे आपले मराठी, वायुदलात चाचणी वैमानिक राहिलेले, तेही गेले. कोंडोट्टी परिसरातल्या लोकांनी, बहुसंख्य मुसलमान, संसर्गाची पर्वा न करता जखमींना स्वतःच्या गाड्यांतून दवाखान्यात नेलं. त्या आठवड्यात साठे देशाचे नायक होते. पुढच्या वर्षी तपास अहवाल आला: विमान धावपट्टीच्या निम्म्या लांबीच्या आसपास टेकलं होतं, पुन्हा उड्डाण घ्यायला हवं होतं ते घेतलं गेलं नाही, व्यवस्थेतल्या त्रुटीही त्यात नोंदवल्या आहेत. तो अहवाल फारसा कुणी वाचला नाही. मला तो वाचून साठेंबद्दलचा आदर कमी झाला नाही. पण त्या ओळींतून पुढचा वैमानिक काही शिकू शकतो. श्रद्धांजलीतून ते शिकता येत नाही.

“आणि मुंबईचं?” भाची म्हणाली. 14 सप्टेंबर 2023, लिअरजेट, विशाखापट्टणमहून आलेलं, मुसळधार पावसात उतरताना धावपट्टी सोडून बाजूला गेलं आणि मोडलं. आठही जण वाचले. तिच्या वर्गात त्याचा व्हिडिओ दाखवला होता. तेव्हा सगळे म्हणाले होते, आपण असं करणार नाही.

ईद 7 जूनला होती. ईदच्या आधी तिने आईवडिलांना सांगितलं. बहीण रडली, दुल्हेभाई गप्प बसले आणि नंतर एकच म्हणाले, “पंख केवढ्याला पडतो?” मटणाच्या वाटण्या करताना नातेवाइकांपर्यंत बातमी पोचली. कुणीतरी तवक्कुलचं बोललं, कुणीतरी उंट बांधायच्या हदीसची आठवण दिली. ती हदीस आमच्याकडे फार राबवली जाते; हेल्मेटपासून विम्यापर्यंत सगळ्याला चालते.

आणि मग 12 जून. अहमदाबाद. त्याबद्दल इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की त्या दुपारपासून आमच्या घरातला टीव्ही बंद होता आणि फोन बंद नव्हता. वैमानिकांची नावं आली आणि दोन-तीन दिवसांतच, काहीही हाती नसताना, चॅनेलांवर त्यांचा हिशेब सुरू झाला. बहीण म्हणाली, बस. आता बस. कर्ज आम्ही फेडू कसंही, तू घरी ये.

भाची तेव्हा आमच्याच घरी होती. तिने आईशी फोनवर वाद घातला नाही. बराच वेळ ‘हो अम्मी, हो’ म्हणत राहिली. मग फोन ठेवून तिने लॅपटॉप उघडला. जबाबाचा मसुदा तिने आधीच लिहिला होता, मला वाचायला दिला. दीड पानाचा. वाऱ्याचा उल्लेख होता, दिशा आणि वेग आकड्यांत. मग लिहिलं होतं की चाकं टेकल्यावर लँडिंग पूर्ण झालं असं मला वाटलं आणि मी हातातलं नियंत्रण मध्यावर येऊ दिलं. मग पेडल, मग ब्रेक, क्रमाने. कुठेही ‘अचानक’ हा शब्द नव्हता. मी तो शोधला.

“नानांना दाखवलंस?” मी विचारलं.

“त्यांनी काल वाचलं. चष्मा पुसून दोनदा वाचलं.”

“काय म्हणाले?”

“सही कुठे करायची, ते विचारलं.”

ती जुलैत परत गेली. बहिणीने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. डबा भरून दिला. अपेक्षेप्रमाणे एकटीचं उडणं बंद झालं. प्रशिक्षकाबरोबरचे तास पुन्हा, वरचे पैसे दुल्हेभाईंनी कुठून आणले ते मला माहीत आहे आणि ते मी लिहिणार नाही. जाण्याआधीच्या दिवशी आम्ही दोघं कामशेतला गेलो होतो. पावसात तिथली पॅराग्लायडिंगची टेकडी रिकामी होती. हिवाळ्यात तिथे नवशिक्यांना आधी उडायला शिकवत नाहीत. दिवसभर सपाटीवर उभं राहून नुसतं कापड डोक्यावर उभं करायचं, पाडायचं, पुन्हा उभं करायचं. पाय टेकल्यावर कापड ताबडतोब पाडलं नाही, तर वारा माणसाला ढेकळांतून फरफटत नेतो. ती त्या रिकाम्या टेकडीकडे बघत बराच वेळ उभी होती, छत्री वाऱ्यात तिरकी धरून.

ऑगस्टमध्ये बारामतीत एका प्रशिक्षण विमानाचं पुढचं चाक उतरताना निखळल्याची बातमी आली. वैमानिक सुखरूप. मी घाबरून फोन लावला. ती तिथे नव्हतीच, तरी लावला. तिने उचलला नाही. तासाभराने तिचा आला.

“उडत होते मामू. आत्ता उतरले.”

“बरं झालं.”

“थांबा, अजून विमान बांधायचंय. नंतर बोलते.”

अब्बा शेजारीच बसले होते. त्यांनी हाताने विचारलं, काय म्हणते? मी सांगितलं, विमान बांधतेय. दोरखंडाने बांधून ठेवतात उभं असताना, वाऱ्यामुळे. अब्बांनी मान हलवली आणि दोरी केवढी जाड असते ते विचारलं.